स्कोअर १४ आला, म्हणजे मला डिप्रेशन आहे का?

रात्री दीड-दोनला झोप उडालेली असते, मोबाइल हाताशी असतो, आणि माणूस शोधतो: सारखं उदास वाटतंय, काय करू? थोड्याच वेळात एक चाचणी समोर येते. नऊ प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. शेवटी आकडा येतो १४, आणि त्याखाली ‘मध्यम नैराश्य’ अशी ओळ. सकाळी हा आकडा घेऊन कोणी बहिणीला फोन करतं, कोणी कुणालाच सांगत नाही, कोणी थेट मेडिकलमध्ये जाऊन ‘टेन्शनची गोळी’ मागतं. प्रश्न मात्र सगळ्यांचा सारखाच असतो: हे खरं मानायचं का?

मजकूर वैद्यकीयदृष्ट्या अचूक आहे की नाही, हे ठरवण्याइतकं शिक्षण आपल्यापैकी बहुतेकांचं झालेलं नसतं. पण ही माहिती कोणी दिली, कशावरून दिली, कधी दिली आणि कोणाच्या पैशाने दिली, हे विचारायला डॉक्टर असावं लागत नाही. ज्या पानावर या प्रश्नांची उत्तरं उघडपणे दिलेली असतात, तिथली चूक आज ना उद्या कोणीतरी पकडू शकतं. जिथे ती नसतात, तिथली चूक वर्षानुवर्षं तशीच राहते आणि माणसांच्या आयुष्यात शिरते.

१. आकडा नेमकं काय सांगतो?

नऊ प्रश्नांची ही चाचणी बहुधा ‘पीएचक्यू-९’ असते. स्पिट्झर, विल्यम्स आणि क्रोएन्के या अमेरिकी संशोधकांनी ती तयार केली आणि २००१ मध्ये ती जगापुढे आली. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, उदासी, लक्ष लागणं यांचा त्रास किती दिवस झाला, एवढंच ती विचारते. ‘अजिबात नाही’ला शून्य, ‘जवळजवळ रोज’ला तीन. म्हणजे एकूण आकडा ० ते २७ यांच्या मध्ये कुठेतरी पडतो. १० किंवा त्याहून जास्त आला, तर पुढे तपासणी करावी असा संकेत आहे.

‘पुढे तपासणी करावी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ही चाळणी चाचणी आहे. ज्वारी चाळली की चाळणीवर खडे राहतात, पण त्यांच्याबरोबर काही टपोरे दाणेही राहतात. ते शेवटी हाताने निवडावे लागतात. ही हाताची निवड म्हणजे तज्ज्ञाने समोर बसवून केलेली विचारपूस.

चाळणीवर किती दाणे राहतात, याचा हिशोब करून पाहू. अनेक अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये जे आकडे मांडले गेले, त्यांनुसार १० ही रेषा धरली, तर खरोखर नैराश्य असलेल्या १०० जणांपैकी सुमारे ८८ जण या चाचणीत सापडतात आणि नैराश्य नसलेल्या १०० जणांपैकी सुमारे १५ जणही चुकून अडकतात. आता समजा, एखाद्या गावातल्या १,००० जणांनी ही चाचणी दिली आणि त्यांच्यातल्या ५० जणांना खरंच नैराश्य आहे. त्या ५० पैकी ४४ सापडतील. उरलेले ९५० निरोगी, पण त्यांच्यातले जवळपास १४३ जणही रेषेच्या वर जातील. रेषा ओलांडणारे एकूण १८७, त्यांत खरे ४४. म्हणजे चारांत एकालासुद्धा नाही.

हीच चाचणी मानसोपचाराच्या दवाखान्यात आलेल्या १,००० जणांना दिली आणि त्यांच्यातल्या ४०० जणांना नैराश्य असेल, तर चित्र पालटतं. ३५२ खरे सापडतात, ९० जण चुकून अडकतात. रेषा ओलांडणाऱ्या दहांपैकी आठ जणांना खरंच आजार असतो. चाचणी तीच, आकडाही तोच. अर्थ मात्र चाचणी कोण देतंय आणि कुठे देतंय यावर बदलतो. इंटरनेटवरच्या निकालाच्या पानावर हे लिहिलेलं क्वचितच असतं.

गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये ‘संगाथ’ या संस्थेने नैराश्यावरच्या समुपदेशनाचा एक मोठा अभ्यास केला. त्यात सहभागी करून घेताना त्यांनी रेषा १४ च्या वर ठेवली होती. आपल्या १४ वाल्या माणसाला त्या अभ्यासात प्रवेश मिळाला नसता. रेषा कुठे आखायची हे आपण कशासाठी चाळतो आहोत यावर ठरतं, आणि ती अशी आखण्यात गैर काही नाही. पण मग पानावर ती का आणि कुठे आखली हे सांगायला हवं.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती थांबण्यासारखी नाही. या चाचणीतला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्याशिवाय काहीही उत्तर असेल, तर एकूण बेरीज ५ येवो वा २५, त्याच दिवशी कोणाशी तरी बोलायला हवं. ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. जी वेबसाइट नवव्या प्रश्नाचं उत्तर बेरजेत बुडवून टाकते आणि मदतीचा क्रमांक दाखवत नाही, तिने ही चाचणी ठेवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

२. इथे रक्ततपासणीचा आधार नसतो

मधुमेहाबद्दल कोणी काहीही पसरवलं, तरी शेवटी प्रयोगशाळेचा अहवाल वाद मिटवतो. नैराश्य, चिंतेचे आजार, एडीएचडी यांना असा अहवाल नाही. रक्त तपासतात ते बहुधा दुसरं काही नाही ना हे पाहण्यासाठी. थायरॉइड कमी पडला किंवा अंगात रक्त कमी असलं तरी माणूस असाच गळून जातो. निदान मुख्यतः पेशंट काय सांगतो, घरचे काय सांगतात आणि तज्ज्ञाला समोर काय दिसतं यांवर ठरतं.

म्हणजे पेशंटचे शब्द हेच तपासणीचं मोठं साधन. ते शब्दच आदल्या रात्री एखाद्या चुकीच्या व्हिडिओतून उचललेले असतील, तर तपासणीचं साधनच बिघडतं. मनाच्या आजारांबाबत अचूक माहितीचा आग्रह अधिक कडक असायला हवा, तो यामुळेच.

कॅनडातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये टिकटॉकवरचे एडीएचडीविषयीचे सर्वाधिक लोकप्रिय १०० व्हिडिओ तपासले. एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवता न येणं, अतिचंचलता, आवेगाने वागणं यांचा दीर्घकाळचा विकार. त्या शंभरांपैकी ५२ व्हिडिओ दिशाभूल करणारे निघाले, २७ वैयक्तिक अनुभवाचे, आणि उपयुक्त म्हणावेत असे २१. अशा व्हिडिओंमध्ये चाव्या विसरणं, पुस्तक अर्धं सोडणं, कामाची टाळाटाळ करणं ही लक्षणं म्हणून सांगितली, की ऐकणाऱ्या प्रत्येकाला आपलंच वर्णन वाटतं. निदानासाठी लागणाऱ्या बाकीच्या अटी मात्र गळून पडतात: त्रास वयाच्या बाराव्या वर्षाआधी सुरू झालेला असावा, घर-शाळा-काम अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावा, आणि त्यामुळे रोजचं जगणं खरोखर अडावं.

म्हणून कोणी इंटरनेटवर वाचूच नये, असं मात्र म्हणवत नाही. निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं, की नैराश्य-चिंता यांसारख्या नेहमीच्या आजारांत सुमारे ८५ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचलेलेच नव्हते. आपल्याला होतंय त्याला नाव आहे आणि उपाय आहे, हे अशांपैकी कित्येकांना पहिल्यांदा सांगणार आहे तो मोबाइलच. तिथली माहिती चांगली असावी यासाठी इतका जीव तोडून बोलायचं, ते त्यांच्यासाठी.

३. चाचणीचे पैसे कोणी दिले?

२०१० च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे सिनेटर चार्ल्स ग्रासली यांनी ‘वेबएमडी’ या प्रसिद्ध आरोग्य-वेबसाइटला पत्र लिहून खुलासा मागितला. तिथे नैराश्याची एक चाचणी होती आणि तिची प्रायोजक होती एलाय लिली ही औषधकंपनी. ‘सिम्बाल्टा’ हे नैराश्यावरचं औषध याच कंपनीचं. चाचणीतल्या सगळ्या प्रश्नांना ‘नाही’ असं उत्तर दिलं, तरीही तुम्हाला नैराश्याचा धोका असू शकतो असा मजकूर निकालात येत होता. थोडक्यात, या चाचणीतून कोणीही पूर्ण निर्धास्त होऊन बाहेर पडत नव्हतं.

आता पीएचक्यू-९ कडे पुन्हा पाहा. तिलाही एका औषधकंपनीचा पैसा लागलेला आहे. फायझरच्या अनुदानावर ती तयार झाली, आणि सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध ‘झोलोफ्ट’ या नावाने फायझरच विकत होती. मग दोन्हींत फरक काय?

पीएचक्यूच्या मूळ कागदावर तळाशीच लिहिलेलं असतं: चाचणी कोणी केली, अनुदान कोणाचं, आणि छापायला परवानगी लागत नाही. प्रश्न उघडे, गुण देण्याची रीत उघडी. त्यामुळे फायझरशी काहीही संबंध नसलेल्या संशोधकांनी देशोदेशी ती तपासली, तिचे दोष मोजले, आणि वरचा ८८ आणि १५ चा हिशोब आपल्याला करता आला. पैसा दोन्हीकडे होता. एकीकडे तो सांगून, तपासणीसाठी दार उघडं ठेवून आला. दुसरीकडे खुलासा मागायला एका सिनेटरला पत्र लिहावं लागलं.

एखाद्या पानावर ‘प्रायोजित’ असं दिसलं की ते टाकून द्यायचं, असा धडा यातून काढू नका. प्रायोजकाच्या वस्तूचा आणि तिथल्या सल्ल्याचा संबंध जुळतो का, ते पाहा. झोपेच्या तक्रारीवरचा लेख वाचता वाचता शेवटी एकाच कंपनीच्या चूर्णापाशी किंवा एकाच ॲपच्या वर्गणीपाशी पोचलात, तर लेख तुमच्यासाठी लिहिलेला नव्हता.

४. अर्धं खरं

सपशेल खोटी माहिती ओळखणं फार अवघड नसतं. भूल पाडते ती अर्धी खरी.

‘मेंदूत सेरोटोनिन कमी पडल्याने नैराश्य येतं’ हे वाक्य वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. २०२२ च्या जुलैत जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी आधीच्या संशोधनांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला आणि या साध्या कल्पनेला ठोस पुरावा नाही असं मांडलं. पाठोपाठ समाजमाध्यमांवर निष्कर्ष फिरू लागला, की नैराश्याच्या गोळ्या निरुपयोगी आहेत. पण गोळ्या उपयोगी पडतात की नाही, हा त्या आढाव्याचा विषयच नव्हता. तो प्रश्न २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासाने पाहिला होता: २१ औषधं, ५२२ चाचण्या, १,१६,४७७ रुग्ण. एकवीसच्या एकवीस औषधं, औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा सरस ठरली. सरासरी फरक मात्र मध्यमच होता, आणि हेही त्याच अभ्यासात सांगितलेलं आहे. औषधाचा गुण येतो पण तो नेमका का येतो हे पूर्ण कळलेलं नाही, अशी स्थिती वैद्यकात नवी नाही.

आपल्या घरांतलं अर्धं सत्य वेगळं आहे. ‘डोक्याच्या गोळ्यांची सवय लागते.’ काही गोळ्यांची लागते, हे खरं. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गटातल्या, झोप आणणाऱ्या, घाबरेपणा लगेच उतरवणाऱ्या गोळ्या बराच काळ घेतल्या तर शरीर त्यांच्यावर अवलंबून राहू लागतं. नैराश्यावरच्या सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम यांसारख्या गोळ्यांची तशी ओढ लागत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. पण त्या एकदम थांबवल्या तर चक्कर येते, डोक्यात विजेसारखे झटके जाणवतात, चिडचिड होते; म्हणून त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवायच्या असतात. दोन गट वेगळे न सांगता नुसती भीती पसरवली, की दोन अनर्थ होतात. गरज असलेला माणूस नैराश्यावरचं औषध सुरूच करत नाही किंवा गुण यायला लागणारे काही आठवडे न थांबता ते सोडून देतो. आणि तोच माणूस मेडिकलमधून ‘झोपेची साधी गोळी’ म्हणून मात्र दुसऱ्या गटातली घेत राहतो.

५. तारीख

लेखाखाली तारीख नसेल तर तो वाचताना सावध व्हा. याचं सगळ्यात गंभीर उदाहरण कायद्याचं आहे.

आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यावर पोलीस केस होते, शिक्षा होते, असं सांगणारा मजकूर आजही सहज सापडतो. भारतीय दंड संहितेचं कलम ३०९ तसं होतंच. पण मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ ने ठरवलं, की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याच्यावर खटला भरायचा नाही आणि त्याच्या उपचारांची काळजी सरकारने घ्यायची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्यात कलम ३०९ सारखं सरसकट कलम राहिलेलंच नाही. सरकारी अधिकाऱ्याला त्याच्या कामापासून अडवण्यासाठी केलेला प्रयत्न एवढाच वेगळ्या कलमात उरला आहे. जुना मजकूर वाचून, पोलिसांच्या भीतीने, घरच्यांनी विष घेतलेल्या मुलाला दवाखान्यात न्यायला तासभर उशीर केला, तर त्या तासाची भरपाई कशानेही होत नाही.

याच २०१७ च्या कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देण्यास बंदी केली. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवावं असंही त्यात आहे. हे दोन्ही ठाऊक नसलेली पानं इंटरनेटवर मुबलक आहेत.

तारखेच्या बाबतीत विकिपीडियाची रीत मला आवडते. तिथे प्रत्येक बदल कोणी, कधी केला याचा इतिहास कोणालाही उघडून पाहता येतो. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी इंग्रजी विकिपीडियाचे मानसिक आजारांवरचे लेख इतर वेबसाइट, ज्ञानकोश आणि मानसोपचाराच्या पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहिले, तेव्हा वाचायला सोपं असणं ही एक बाब सोडून विकिपीडिया सगळ्यांत वरचा ठरला होता.

६. सांगणारा कोण?

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट. तो एमबीबीएस होऊन पुढे मानसोपचारशास्त्रात पदव्युत्तर शिकलेला डॉक्टर असतो आणि औषधं लिहू शकतो. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि मानसोपचार करतात, औषधं लिहीत नाहीत. त्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. दोन्ही याद्यांत नाव शोधता येतं. ‘समुपदेशक’, ‘लाइफ कोच’, ‘माइंड हीलर’ या पाट्या लावणाऱ्यांचं शिक्षण काय, कुठे, किती महिन्यांचं, हे मात्र त्यांनाच विचारावं लागतं. चांगला समुपदेशक या प्रश्नाने दुखावत नाही.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मार्गदर्शक सूचना काढल्या, की आरोग्यतज्ज्ञ म्हणून बोलणाऱ्या प्रभावकांनी आपली पात्रता सांगावी आणि आपला सल्ला डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नाही हे स्पष्ट करावं. व्हिडिओत यातलं काहीच नसेल तर त्याची नोंद घ्या.

पदवी हा एकच निकष मात्र धरू नका. गोव्यातल्या त्या अभ्यासात समुपदेशन करणारे लोक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्रज्ञही नव्हते. प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती ती. तीन महिन्यांनी त्यांच्या गटातल्या ६४ टक्के रुग्णांचं नैराश्य ओसरलं होतं, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ३९ टक्के. आपण कोण आहोत हे त्यांनी लपवलं नव्हतं, त्यांच्या कामावर देखरेख होती, आणि निकाल मोजून प्रसिद्ध केला गेला. बरे झालेल्या रुग्णांनी सांगितलेल्या अनुभवांनाही अशीच किंमत आहे. ‘माझ्या बाबतीत असं झालं’ हे सांगणारा माणूस जोवर ‘म्हणून तुम्हीही गोळ्या सोडा’ म्हणत नाही, तोवर त्याचं जरूर ऐकावं.

७. तुम्ही टाइप करता ते कुठे जातं?

पारदर्शकता दोन्ही बाजूंची असते. त्यांनी काय सांगितलं हे जसं विचारायचं, तसं त्यांनी आपल्याकडून काय घेतलं हेही.

‘बेटरहेल्प’ या ऑनलाइन समुपदेशन कंपनीने माहिती खासगी ठेवू असं आश्वासन देऊन ग्राहकांचे ईमेल आणि प्रश्नावलीतली माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट वगैरेंना पुरवली, असा आरोप अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २०२३ मध्ये केला. कंपनीने चूक कबूल न करता ७८ लाख डॉलर देऊन तडजोड केली. दवाखान्यात बोललेलं गुप्त ठेवण्याचा हक्क आपल्याला २०१७ च्या कायद्याने दिला आहे. एखाद्या मजेशीर ‘तुमचं मन ओळखा’ चाचणीत नाव आणि मोबाइल क्रमांक भरताना समोर दवाखाना नसतो, हे ध्यानात असू द्या. निकाल दाखवण्याआधी क्रमांक मागणारी चाचणी मी तिथेच बंद करायला सांगेन.

चॅटबॉटबाबत एक प्रसंग पुरेसा आहे. खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या एका अमेरिकी राष्ट्रीय संघटनेने ‘टेसा’ नावाचा चॅटबॉट सुरू केला होता. तो वजन कमी करण्याचे सल्ले देऊ लागल्याचं उघड झालं, तेही अन्न टाळणं हाच ज्यांचा आजार आहे त्यांना. २०२३ च्या मेअखेर तो बंद करावा लागला.

८. मराठीत वाचताना

मनाच्या आजारांवरचं बहुतेक संशोधन इंग्रजीत छापलं जातं. मराठी वाचकापर्यंत ते येतं तेव्हा दोन-तीन हातांतून आलेलं असतं, आणि हल्ली त्यातला एक हात यंत्राचा असतो. म्हणून ‘संशोधनात आढळले आहे’ एवढंच लिहिणाऱ्या मराठी लेखाला विचारा: कोणतं संशोधन, कोणत्या वर्षी, कुठल्या लोकांवर? ठाण्याच्या आयपीएचसारख्या मानसिक आरोग्य संस्था आपल्या तज्ज्ञांच्या नावाने, चेहरा दाखवून मराठीत बोलतात. चूक झाली तर कोणाला विचारायचं हे तिथे ठाऊक असतं. व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डला तो पत्ताच नसतो.

शिवाय आपल्याकडचा त्रास पुष्कळदा अंगातून बोलतो. छातीत धडधडतं, डोकं जड होतं, अंग गळून जातं, जेवणावर वासना राहत नाही. भाषांतरित यादीतल्या ‘निरुत्साह’ आणि ‘नकारात्मक विचार’ या शब्दांत सासूबाईंना किंवा वडिलांना आपलं दुखणं दिसणारच नाही, आणि मग ‘मला तसलं काही नाही’ म्हणून ते उठून जातील. त्यांची चाचणी मोबाइलवर घेण्यापेक्षा त्यांच्या शब्दांत काय होतंय, कधीपासून होतंय, झोप किती तास लागते, हे कागदावर लिहा.

तो कागद डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि जे वाचलंत तेही दाखवा, लपवू नका. निघण्यापूर्वी आजाराचं नाव, गोळीचं नाव, ती किती दिवस घ्यायची आणि पुन्हा कधी यायचं, हे त्याच कागदाच्या मागे लिहून मागा.